दोन फेऱ्या

बूट सापडले तुरीच्या कट्ट्यांमागे.
एकाची नाडी उंदरानं खाल्लेली.
तिथं मी सुतळी ओवली.

आश्विनात, पाचवा लागला तेव्हा, मी पळत होते अजून
कॅनॉलच्या पारीवरून, गाव उठायच्या आत,
कारण गाव उठलं की
हातपंपाजवळ प्रश्न उभे राहत रांगेत:
काऊन वं, पोटात लेकरू अन् घोड्यावानी धावतं?
आशाताई कुंदा तेवढी सायकल थांबवून म्हणाली,
डॉक्टरनं हो म्हटलंय ना?
मग बोलता येईल इतकंच पळ.
शब्द तुटला की थांब.

म्हणून मी पळताना बोलू लागले.
बगळ्यांशी, बाभळींशी,
मग आतल्याशी:
हा नाल्यावरचा पूल. इथून त्या बोरीपर्यंत
बरोबर चारशे मीटर, मी दोरीनं मोजलंय.
भरतीत आठशे लागतात.
तुझ्यामुळं ही भरती गेली, बरं का.
(हे एकदाच म्हणाले. मग पूर्ण वाट काही बोलले नाही.)

सातव्यात नुसतं चालणं.
आठव्यात वाकता येईना,
तर प्रफुलनं अंगणात बसून नाडी बांधली,
बैलाच्या दाव्याची गाठ.
रात्री विळ्यानं कापावी लागली.

मग माघ. ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा.
नर्स म्हणाली, चाल.
मी चालले, खांब ते खांब,
एकोणतीसपर्यंत मोजलं
आणि पुढचे आकडे विसरले.

सव्वा महिना खाटेखाली शेगडी,
ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू,
पोटावर जुन्या लुगड्याचा पट्टा.
पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा
गोठ्यापर्यंत गेले, चाळीस पावलं,
आणि गाईला टेकून उभी राहिले.
गाय काही म्हणाली नाही.
त्या घरात तेवढी तीच.

नवतपा लागला तेव्हा पळाले.
पहाटे पाचला, शाळेच्या मैदानावर,
भरतीच्या पोरांनी आखलेली फक्कीची रेघ
अर्धी वाऱ्यानं नेलेली.
अर्धी फेरी, आणि पायजमा ओला.
घामानं नव्हे.

भरतीच्या पुस्तकात हे नव्हतं.
घरी येऊन चुलीजवळ बसले, सासूला म्हटलं,
बाई, असं असं झालं.
ती तुरीतले खडे निवडत होती.
वर न बघता म्हणाली,
माहं तर प्रफुल झाल्यापासून असंच हाय.
खोकली तरी. हासली तरी.
डोक्यावर भारा असला का मंग इचारूच नको.
अठ्ठावीस वर्षं?
कोणाले सांगू वं?
आणि एक खडा दूर फेकला,
कोंबडी उगाच धावली त्याच्यामागं.

कुंदाताईनं दोघींना शिकवलं.
आवळायचं, जसं लघवी रोखावी तसं,
पाच मोजायचे, सोडायचं.
आणि पळणं सध्या बंद. चाल फक्त.
आम्ही ओसरीवर बसून करायचो,
ती सुपात डाळ पाखडताना, मी पाजताना,
समोरून सरपंच गेला, राम राम म्हणाला,
आम्ही दोघी राम राम म्हणालो
आणि मोजत राहिलो.

आता ती मैदानावर येते माझ्यासोबत,
पोरीला पदराखाली घेऊन, चिंचोके घेऊन.
एका फेरीला एक चिंचोका, तिचा हिशेब.
वेळ प्रफुलच्या मोबाईलवर.
पहिली फेरी जड. दूध भरलेलं, छाती दुखते.
दुसऱ्या फेरीत बोरीसारख्या त्या लिंबाशी
पोर रडली,
आणि कुडत्यावर दोन ओले गोल उमटले,
आणि पाय माझ्या आधी निघाले.

चार मिनिटं सहा सेकंद.
भरतीला चालणार नाही.
सासूनं मोबाईल उलटा धरला होता,
मीच सरळ करून वाचलं.

धूळ उडाली होती. तिला ठसका लागला,
चांगला मोठा, वाकून वाकून.
मी पोर घेतली.
ती सरळ झाली, क्षणभर थांबली,
लुगड्यावरून हात फिरवला,
माझ्याकडं पाहिलं.
कोरडं हाय, म्हणाली.